अडतीस किलोंची गोणी

त्या वर्षी नववीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या आणि मी गाड्या तपासायला घेतल्या. शंभर पानी वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर पट्टीने रेघा मारून एक कोष्टक तयार केले. डावीकडे गाड्यांचे अनुक्रमांक, वरच्या ओळीत निकष आणि प्रत्येक निकषाखाली कमाल गुण. इंजिनाची अवस्था तीस, उठाव पंचवीस, डिकी पंधरा, कागदपत्रे पंधरा, इंधनाचा खर्च दहा, बाह्य रूप पाच. बेरीज शंभर. सव्वीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे मला निर्णय घेण्याची दुसरी रीत माहीत नव्हती, आणि ही रीत अपुरी पडू शकते असा विचारही कधी मनात आला नव्हता.

गाडी घेणे हा आमच्या घरात हौसेचा विषय नव्हता. आमची मुलगी दहावीत जाणार होती. जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही. ती व्हीलचेअरवर असते. वाशीच्या ज्या शाळेत मी शिकवतो त्याच शाळेत ती पहिलीपासून शिकत आली. तेथे उतार बांधलेला आहे, मुख्याध्यापिकांनी तिचा वर्ग दरवर्षी तळमजल्यावर ठेवला, आणि तिच्या मैत्रिणींना तिची खुर्ची कोणत्या उंबऱ्यावर कशी तिरपी करायची हे तोंडपाठ आहे. आम्ही मात्र राहतो उलव्याला, कारण वाशीत घर घेणे आम्हाला परवडले नाही. मी स्कूटरवरून जात असे. मुलगी खासगी व्हॅनने जाई आणि तिच्याबरोबर माझे वडील जात. घराच्या फाटकाशी ते तिला खुर्चीतून उचलून व्हॅनमध्ये ठेवत, शाळेपाशी उतरवत, दुपारी पुन्हा चढवत आणि पुन्हा उतरवत. आबा पस्तीस वर्षे वाशीच्या घाऊक धान्यबाजारात माथाडी होते. साताऱ्याकडून आले तेव्हा त्यांच्याजवळ पाठीखेरीज दुसरे भांडवल नव्हते. नात उचलणे हे त्यांना काम वाटतच नसे.

एप्रिलच्या शेवटी व्हॅनवाला भेटला.

"सर, जूनपास्नं उलव्याची ट्रिप बंद करतोय. पोरं कमी झाली, परवडत नाय. सॉरी हां."

त्या रात्री जेवताना पत्नीने एक कागद ताटाशेजारी ठेवला. शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचे असेल तर सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो. त्याची माहिती तिने महाप्यातल्या आपल्या कचेरीतून छापून आणली होती. ती स्वतः सकाळी साडेसहाच्या कंपनीच्या बसने निघते, त्यामुळे तिच्याकडून दुसरा काही मार्ग निघणे शक्य नव्हते.

मुलीने कागद वाचला आणि विचारले, "म्हणजे मी घरात बसून दहावी व्हायचं?"

"नाइलाज झाला तर," मी म्हणालो.

"प्रॅक्टिकल कुठे करायचं? मोरीत? आणि डबा कुणाबरोबर खायचा, आबांबरोबर? ते तर माझी भाजी खाऊन टाकतात."

"खातो तर खातो," आबा म्हणाले. "तुजी आई तिखट कमी घालती, म्हून मदत करतो."

सगळे हसले, पण कागद तिने उलटा करून ठेवला. जूनच्या मध्यावर शाळा उघडण्यापूर्वी गाडी मिळाली तर ती शाळेत जाणार होती, नाही तर तो अर्ज भरावा लागणार होता. आमच्याजवळ सहा आठवडे होते, आणि नावबदल व विमा धरून तीन लाख रुपये.

गाडी चालवण्याचा परवाना पंधरा वर्षे माझ्या पाकिटात होता, गाडी नव्हती. म्हणून आधी दहा दिवस शिकवणीच्या गाडीवर उजळणी केली आणि मग शोधाला निघालो.

उठावाला मी पंचवीस गुण का ठेवले, हे सांगितले पाहिजे. उठाव म्हणजे कमाल वेग नव्हे. गाडी ताशी तीसवरून साठवर किती लवकर पोचते, तो उठाव. उलव्याहून वाशीकडे येताना जासईच्या बाजूने निघालेले बंदराचे कंटेनर, चाळीस फुटी ट्रेलरवर लादलेले, आपल्या बरोबरीने चालत असतात. खाडीपुलाच्या चढावर ते मंदावतात. तेथे जी गाडी धापा टाकते ती एका ट्रेलरच्या पाठीमागे आणि दुसऱ्याच्या तोंडापुढे अडकून पडते. शिवाय शाळा सातला भरते. तेव्हा चपळ गाडी हवी हा निष्कर्ष शास्त्रीय होता. तरीही आज मागे वळून पाहताना एक कबुली द्यायला हवी. मी वीस वर्षे स्कूटरवर त्याच ट्रेलरांचा धूर खाल्ला होता, आणि एकदा तरी त्यांना मागे टाकून जाण्याची इच्छा त्या पंचवीस गुणांत मिसळलेली होती. कोष्टक आखणारा हात कोणाचा आहे, हे कोष्टकात लिहिलेले नसते.

मे महिन्यात मी अकरा गाड्या पाहिल्या. वाशी आणि सानपाडा यांच्या मधल्या एका मोकळ्या भूखंडावर जुन्या गाड्यांची रांग लागलेली असे. तेथला दलाल तिशीचा, चटपटीत आणि मनाने वाईट नसलेला माणूस होता. त्याच्याकडची प्रत्येक गाडी पूर्वी एखाद्या डॉक्टरची असे.

"सर, एकदम मक्खन गाडी. डॉक्टरची आहे. फक्त क्लिनिकला जायची."

"कालचीही डॉक्टरचीच होती."

"मग सर, डॉक्टर लोक गाड्या लै बदलतात ना. काय टेन्शन घेऊ नका, तुम्ही बघा."

मी पाहत असे, आणि क्रमाने पाहत असे. जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो क्रम नोंदवतो. प्रथम बोनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर गाडी आपण येण्यापूर्वीच सुरू करून ठेवलेली आहे आणि थंड इंजिनाची खोड आपल्यापासून लपवली जात आहे. मग दारांच्या कडांवरून लोहचुंबक फिरवावा. मी प्रयोगशाळेतला नालाकृती चुंबक खिशात नेत असे. जेथे तो पकड सोडतो तेथे रंगाखाली पत्रा कमी आणि पोचे बुजवायची लांबी जास्त, म्हणजे ठोकर बसलेली. त्यानंतर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पुसून चकचकीत करतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावरची चिखलाची रेघ धुवायला कोणी जात नाही. तीन नंबरच्या गाडीत मला ती रेघ सापडली तेव्हा दलाल माझ्याकडे आदराने पाहू लागला.

"सर, तुम्ही पण डॉक्टरच निघाले."

गॅसवर चालणाऱ्या गाड्या वापरायला स्वस्त, पण त्यांच्या डिकीत टाकी बसवलेली असते आणि खुर्ची ठेवायला जागा उरत नाही. त्या बाद झाल्या. उरलेल्यांत सात नंबरच्या गाडीला ब्याऐंशी गुण मिळाले. चंदेरी रंगाची, लांबट, जमिनीलगत बसणारी, मागे ऐसपैस डिकी असलेली ती गाडी होती. सकाळी रिकाम्या पाम बीच रस्त्यावर मी आणि दलाल असे दोघेच तिच्यात बसून गेलो. पायाने नुसती सूचना द्यावी आणि तिने ती आधीच ऐकलेली असावी, अशी ती पळत होती. तीसवरून साठ, सहा सेकंद. माझ्यासारख्या माणसाने मोठ्याने हसू नये, पण मी हसलो.

संध्याकाळी मी घरी कोष्टक वाचून दाखवले. पत्नीने कागदपत्रांविषयी दोन प्रश्न विचारले. मुलीला रंग आवडला. आबा खिडकीशी बसून ऐकत होते.

"आबा, तुम्हाला काय वाटतं?"

"त्यात बशिवनार कोन तिला?"

"मी. आता शाळेत मीच नेणार ना, तुम्हाला यायला नको."

"तू उचलनार?"

"उचलेन की. अडतीस किलोंची तर आहे."

आबांनी माझ्या हातांकडे पाहिले. बाजारात ते नवीन पोराकडे असेच पाहत असतील. "मास्तर," ते म्हणाले (मला डिवचायचे असले की ते मास्तर म्हणतात), "खडू किती किलोचा असतो रं?"

आणि ते उठून आत गेले.

मला वाईट वाटले, आणि थोडा रागही आला. पत्नी हळू आवाजात म्हणाली, "अहो, त्यांची नोकरी जातेय. नऊ वर्षं तिला त्यांनीच नेलंय. लागणारच मनाला." मला ते पूर्णपणे पटले. म्हाताऱ्या माणसाला आपली गरज संपल्याचे दुःख झाले आहे, म्हणून तो गाडीत खोट काढतो आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले. वर्गात एखाद्या मुलाच्या वागण्याचे कारण इतक्या झटपट ठरवू नये, असे मी नव्या शिक्षकांना सांगत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलालाला बयाणा द्यायला निघालो, तर आबा दारात तयार होऊन उभे होते. पायांशी एक गोणी होती.

"हे काय?"

"तांदूळ. तीस किलो दुकानातनं आनला, आठ किलो घरातला घातला. अडतीस भरतो."

मुलगी खुर्ची पुढे सरकवून गोणीजवळ आली. गोणी काठोकाठ भरलेली नव्हती. मध्ये सुतळीने सैल बांधली होती, त्यामुळे ती कमरेत वाकल्यासारखी दिसत होती.

"अशी ढिली का बांधली, आबा?"

"मानूस भरल्या गोनीवानी ताठ नसतो, पोरी. मधी वाकतो. उचलताना त्येच जड जातं."

"म्हणजे ही मी आहे?"

"तू न्हाय. तुज्या जागी. तुला दहा गाड्यांतनं आत-भाईर करू का?"

तिने गोणीवर हात ठेवून जरा विचार केला. "बरं. पण माझ्या डमीला नीट वागवा. बाबा, तुम्ही पाडाल."

रिक्षाने गोणी घेऊन आम्ही दोघे भूखंडावर पोचलो. दलालाने आम्हाला उतरताना पाहिले.

"काका, गाडी घ्यायची का रेशन भरायचं?"

"गाडीच घ्यायची हाय. हे गिऱ्हाईक बसून बगनार," आबा म्हणाले आणि गोणी त्यांनी मला दाखवली. "उचल."

चंदेरी गाडीचे पुढचे दार मी उघडले. शेजारी दलालाची खुर्ची ठेवून तिच्यावर आबांनी गोणी बसवली. मी वाकलो, दोन्ही हात खाली घातले आणि उचलली. उचलणे जमले. पण तेवढ्याने काम संपत नाही हे मला तेव्हा कळले. उचललेले ओझे छातीशी धरून, कमरेतून वळून, गुडघे मोडून, गाडीच्या खालच्या सीटपर्यंत नेऊन ठेवायचे होते, आणि ठेवताना माझे स्वतःचे डोके दाराच्या चौकटीखालून आत न्यायचे होते. गोणी सीटवर आदळली.

"काढ. परत," आबा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला बरे जमले. तिसऱ्या खेपेला घाम आला. चौथ्या खेपेला पाठीत एक चमक निघाली, हात सैल पडला आणि गोणीचा वरचा, बांधलेला भाग छताच्या कडेवर आपटला. गाठीचा ठक्क असा आवाज आला.

"पोरीचं डोकं आपटलं," आबा म्हणाले.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दलालाच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. मी गोणी धरून तसाच वाकलेला होतो आणि मला सरळ होता येत नव्हते.

"दिवसाच्या चार बाऱ्या," ते पुढे म्हणाले. "घरी चढवायची, साळंत उतरवायची, तितनं चढवायची, घरी उतरवायची. वरसाच्या किती हुतील? तुला हिशेब येतो."

हिशेब येत होता. मी तो मांडला नव्हता, एवढेच. शंभर गुणांच्या कोष्टकात इंजिन होते, डिकी होती, रंगसुद्धा होता. मुलगी खुर्चीतून सीटवर कशी जाणार, याला रकाना नव्हता. ते माझे किरकोळ काम आहे असे मी गृहीत धरले होते. आणि विज्ञानाच्या माणसाने करू नये अशी आणखी एक चूक त्याच वेळी माझ्या लक्षात आली. सहा सेकंदांचा तो उठाव मी रिकाम्या गाडीत मोजला होता. वस्तुमान वाढले की त्वरण कमी होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

बयाणा खिशातच राहिला. आबांनी गोणी सहज खांद्यावर घ्यायला हात घातला आणि थांबले. मग दलालाच्या माणसाला हाक मारून म्हणाले, "जरा हात लाव." त्यांना गोणीसाठी मदत मागताना मी पूर्वी कधीच पाहिले नव्हते.

धान्यबाजार तेथून जवळच होता. "चल, च्या पिऊ," म्हणून ते मला त्यांच्या जुन्या गाळ्यांकडे घेऊन गेले. गोणी रिक्षात ठेवून रिक्षावाल्याला थांबायला सांगितले. एका गाळ्यासमोर ट्रक लागला होता. मी लहानपणी आबांचा डबा घेऊन तेथे शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी त्यांनी बोट दाखवले म्हणून प्रथम पाहिले. गाळ्यासमोरचा सिमेंटचा ओटा जमिनीपासून उंच होता, ट्रकच्या फाळक्याइतका उंच. मधल्या फटीवर एक फळी टाकलेली होती. दोन माथाडी ट्रकमधली गोणी फळीवर ओढत, फळीवरून ओट्यावर सरकवत. त्या सबंध कामात गोणी कोणी उचलत नव्हते.

"वटा येवढा उंच का बांदला? जागा मोकळी हुती म्हून? जे सरकवता येतं ते उचलायचं न्हाय, मास्तर. मी तरुनपनी ऐकलं न्हाय कुनाचं. दोन-दोन गोन्या घेऊन पळायचो, लोकं बगायची. कंबर गेली."

"केव्हा?"

चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "दोन वरसं झाली. सकाळी उटताना भिंत धरतो. पोरीला सांगू नगो. तिला कळलं तर उचलू देनार न्हाय, आन मग साळा ऱ्हायली."

मी त्यांच्यासमोर बसलो होतो आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्याविषयी मनाशी जे ठरवले होते ते आठवत होतो. माफी मागावी असे वाटले, पण आमच्याकडे वडिलांची माफी मागण्याची पद्धत नाही. मी चहाचे पैसे दिले. ते पुढे म्हणाले, "तुजा तक्ता चांगला हाय. पर पयला परश्न सोडिव. खुर्ची किती उंच हाय तिची?"

नऊ वर्षे मी ती खुर्ची ढकलत होतो. तिची उंची मला माहीत नव्हती.

घरी जाऊन मोजली. उशीसकट वीस इंच. दलालाकडे परत जाऊन उरलेल्या गाड्यांच्या सीटची उंची मोजली. चंदेरी गाडीची सतरा; उशी घालून खुर्ची उंच करता येते, खाली आणता येत नाही. कोष्टकात मी 'खुर्चीवरून सीटवर सरकता येईल का' असा एक नवा रकाना वाढवला आणि त्याला गुण ठेवले नाहीत. केवळ 'पात्र' किंवा 'अपात्र' असे लिहायचे ठरवले. पात्र ठरली फक्त चार नंबरची गाडी, जिला मी चोपन्न गुण देऊन बाजूला सारले होते. नऊ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी, आखूड, उंच आणि वाळलेल्या शेणाच्या रंगाची. सीट बावीस इंचांवर, दार पूर्ण काटकोनात उघडणारे. चुंबकाने एकाच ठिकाणी पकड सोडली होती आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत कोरा होता.

मुलीने ती प्रथम पाहिली तेव्हा म्हणाली, "बाबा, हा फ्रीज आहे. कुणीतरी त्याला चाकं लावलीत."

"डॉक्टरचा फ्रीज आहे," मी म्हणालो.

"नाय सर," दलाल घाईघाईने म्हणाला, "ही खरंच एका रिटायर्ड नर्सबाईची आहे. आईशप्पथ."

या वेळी मी परीक्षा नीट घेतली. रविवारी सकाळी मी चालवायला, शेजारी मुलगी, मागे पत्नी, आबा आणि मध्ये कोंबलेला दलाल, डिकीत घडी घातलेली खुर्ची आणि तिच्यावर ती गोणी, कारण आबा म्हणाले की मुलीचे वाढते वय आहे, पुढच्या वर्षीचे वजनही आत्ताच धरावे. एसी चालू ठेवला. खाडीपुलाच्या चढावर पुढे एक ट्रेलर होता, निळ्या कंटेनरचा.

"तीस," पत्नी मागून म्हणाली. तिच्या हातात मोबाइलचे घड्याळ होते.

मी गिअर बदलला. गाडी कुरकुरली, मग जोर धरून निघाली. ट्रेलरचे मागचे चाक आले, मधले आले, पुढचे आले, आणि मग आरशात त्याचे संपूर्ण तोंड दिसले.

"साठ. दहा सेकंद."

"चंदेरीला सहा लागले होते," मी म्हणालो.

"रिकामीला," पत्नी म्हणाली. "आणि गेलो ना पुढे? मग चार सेकंदांत तुम्ही काय करणार होतात?"

उठावाच्या रकान्यात मी पंचवीसपैकी चौदा गुण लिहिले, आणि सौदा पक्का केला.

फळी आबांनी स्वतः करून घेतली. तुर्भ्याच्या एका सुताराकडून सागाची, हातभर रुंद, कडा गोल केलेली, आणि मग दोन दिवस काचकागदाने घासून अशी गुळगुळीत की तिच्यावरून बोट घसरावे. खुर्चीवर दोन इंचांची जादा उशी शिवून घेतली. खुर्ची आणि सीट एका उंचीवर आल्या. फळीचे एक टोक खुर्चीवर, एक सीटवर. मुलीचे पाय अशक्त असले तरी हात बळकट आहेत, कारण सगळे आयुष्य तिने त्या हातांनीच चालवले आहे.

तरीही पहिल्या दिवशी ती अर्ध्यावर अडकली. दुसऱ्या दिवशी तिरपी झाली आणि आबांनी तिला काखेत धरले. तिसऱ्या दिवशी ती रडली, आणि सोसायटीच्या वॉचमनने मुद्दाम पाठ फिरवून उभे राहण्याचा चांगुलपणा दाखवला. "कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मी गोणी नाही." जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने सीटचा कडेचा भाग पकडला, दोन हातांवर भार घेतला, तीनदा सरकली आणि आत बसलेली होती. मग पाय एकेक करून उचलून आत घेतले आणि दार ओढून लावून घेतले. आम्ही तिघे बाहेर उभे होतो.

काच खाली करून ती म्हणाली, "तुम्हाला कुठे सोडायचंय का?"

शाळा उघडली त्या दिवशी फाटकाशी आबा तिच्याजवळ उभे राहिले. ती फळीवरून सरकत होती आणि त्यांचे दोन्ही हात पुढे आलेले होते, तळवे वर, जसे नऊ वर्षे येत होते.

"आबा, हात खाली घ्या."

त्यांनी हात खाली घेतले. क्षणभर त्यांचे काय करावे हे त्यांना कळले नाही. मग त्यांनी फळी काढून घेतली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि डिकीत ठेवली. पहिल्या दिवशी चढण्याला चार मिनिटे लागली होती. मी वहीत नोंद केली. सात वाजायला पाच मिनिटे असताना ती वर्गात होती, आणि सतरा नंबरच्या अर्जाची माहिती ज्या कागदावर होती त्याच्या मागे मी खुर्चीची मापे लिहिलेली असल्याने तो कागद वहीत तसाच राहिला.

त्या वर्षी मी आबांना अनेकदा विचारले की गाडीला शंभरपैकी किती गुण. ते दरवेळी म्हणत, "पेपर मार्चात हाय न्हवं? तवा बगू." दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी डिकी साफ करायला घेतली आणि फळी प्रथमच उलटी केली. खालच्या बाजूवर पेन्सिलीच्या काड्या होत्या. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी. बाजारात गोण्या मोजतात तशा जुड्या, ओळीत. रोज सकाळी फळी पुसून आत ठेवताना ते वेळ का लावत, हे मला तेव्हा समजले.

मी मोजल्या. बत्तीस जुड्या आणि तीन सुट्या काड्या, म्हणजे एकशे त्रेसष्ट. संध्याकाळी घरी मी मुलीला म्हणालो की हजेरीपटावर तुझे एकशे बहात्तर दिवस आहेत, आबांची मोजणी नऊने चुकली.

"चुकली न्हाय," आबा खिडकीजवळून म्हणाले.

मग मला ते नऊ दिवस आठवू लागले. उशीर झाला म्हणून, ट्रेलरांची रांग लागेल म्हणून, तिला ताप होता म्हणून, थांबायचा मला कंटाळा आला म्हणून मी तिला उचलून सीटवर ठेवले होते. दरवेळी आबा शेजारी फळी धरून उभे असत, आणि मग ती न पुसताच डिकीत ठेवत.

"म्हणजे तेवढे मार्क कापले," मुलगी म्हणाली. "गाडीचे नाही, बाबा. तुमचे."